सभागृहाला न शोभणारे शब्द

सदतीस साली प्रांतात निवडणुका होऊन नवं मंत्रिमंडळ आलं, तेव्हा लोणावळ्यात आम्हालाही राज्य करायची हौस आली. दर रविवारी दुपारी वाचनालयाच्या मोठ्या खोलीत आमचं नमुन्याचं विधिमंडळ भरू लागलं. मी शाळामास्तर, म्हणून विरोधी पक्षात. पंतप्रधान (प्रांताच्या मुख्य मंत्र्याला तेव्हा असंच म्हणत) होते पुण्याहून हवापालटाला येऊन इथंच राहिलेले एक वकील. अध्यक्ष म्हणजे पेन्शनीत निघालेले मामलेदार. सगळी नोकरी त्यांनी लोकांवर खेकसण्यात काढली होती. आता दुसऱ्याच्या तोंडच्या शब्दांबद्दल ते फार हळवे झाले होते.

पहिल्याच बैठकीत जवळच्या औंढे गावचे एक मोठे शेतकरी उभे राहिले. त्यांना सगळे आबा म्हणत. सभागृहासाठी त्यांनी खास काळा कोट शिवला होता आणि तो चुरगळेल म्हणून ते खुर्चीला पाठ टेकत नसत.

"अध्यक्षम्हाराज, बाजारात गाढवं लय झाल्यात," आबा म्हणाले. बोलताना त्यांचा हात नेमका मंत्र्यांच्या बाकाकडे गेला. खोलीत हशा झाला.

अध्यक्षांनी घंटी वाजवली. "'गाढव' हा शब्द सभागृहाला शोभत नाही. मागे घ्या."

"आवो, पर मी खऱ्या गाढवांचं बोलतुया!"

"खरी असोत की कशीही असोत. शब्द मागे घ्या."

"मग त्येस्नी म्हनू तरी काय?"

यावर मंत्रिमंडळानं बराच वेळ खल केला आणि 'भारवाहक चतुष्पाद' असा शब्द मंजूर झाला. आबांना तो काही केल्या उच्चारता येईना. त्यामुळे प्रश्न बारगळला आणि गाढवं बाजारात हिंडत राहिली.

त्यानंतर दर रविवारी एखाददुसऱ्या शब्दावर गदा येई. 'चोर' गेला, 'मूर्ख' गेला, 'बोंब' गेली. वकीलसाहेबांचं काहीच अडलं नाही. त्यांना असल्या शब्दांची गरजच पडत नसे. आमच्या बाकावर बाजारातले एक मुसलमान हकीम होते. त्यांच्याविषयी वकीलसाहेब एकदा म्हणाले, "माननीय हकीमसाहेबांचे रोगी कधी तक्रार करायला येत नाहीत. बहुधा येण्यासारखे उरत नसावेत." अध्यक्षांनी कौतुकानं मान डोलावली. शब्द न् शब्द सभ्य होता.

वादविवाद ऐकायला रेल्वे यार्डात काम करणारे महारवाड्यातले काही जण येत. ते बाहेर खिडकीशी उन्हात उभे राहत. त्यांना आत बसू द्यावं, असा ठराव मी मांडला.

वकीलसाहेब उठले. "अस्पृश्य बंधूंविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. परंतु काळ अजून परिपक्व झालेला नाही. शिवाय खिडकीशी वारा चांगला लागतो."

आबा ताडकन उभे राहिले. ते माझ्या बाजूनं बोलतील असं मला मुळीच वाटलं नव्हतं.

"ही लबाडी हाय," ते म्हणाले. "आमच्या गावात आमी त्यास्नी आडावर पानी भरू देत न्हाई. वाईट हाय ते. पर आमी त्येला आदर म्हनत न्हाई!"

घंटी वाजली. "'लबाडी' हा शब्द मागे घ्या."

"घेतला मागं. लबाडी तेवढी तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

अध्यक्षांनी त्यांना त्या दिवसापुरतं बाहेर काढलं. आबा कोट सावरत निघाले. तेव्हा मी हरकत घेतली.

"अध्यक्षमहाराज, 'गाढव' शोभत नाही, 'लबाडी' शोभत नाही. 'अस्पृश्य' हा शब्द सभागृहाला शोभतो का?"

घंटीवरचा त्यांचा हात तसाच राहिला. त्यांनी वकीलसाहेबांकडे पाहिलं, मग छताकडे. "तो सरकारी शब्द आहे," ते शेवटी म्हणाले. "हरकत फेटाळली."

खिडकीतून एक पोक्त माणूस शांतपणे म्हणाला, "सायेब, आमाला हितं समदं ऐकू येतंय."

अध्यक्षांनी खिडकीकडे तोंड करून घंटी वाजवली. मग मतदान झालं. बाजूनं हकीमसाहेबांचा आणि माझा, असे दोनच हात वर गेले. रागानं माझे कान तापले होते आणि त्या खिडकीकडे बघायची मला छाती होत नव्हती.

पुढच्या रविवारी आबा कोट न घालताच आले आणि बाहेर पायरीवर बसले. यार्डातल्या लोकांपासून जरा अंतर राखून, पण बसले. हकीमसाहेब त्यांच्या शेजारी टेकले, मीही टेकलो. आम्हाला पाहून आणखी दोघं आतून उठून आले. गणसंख्या भरेना, म्हणून अध्यक्ष स्वतः दारात आले.

"आत चला, मंडळी. कामकाज खोळंबलंय."

आबांनी खिडकीकडे बोट केलं. "त्यास्नी बी घ्या. मंग मानसं चिकार हुतील."

अध्यक्ष दारातूनच मागे वळले. ते आत गेले, घंटी वाजली, आणि आमच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर त्यांनी सभा बेमुदत तहकूब केल्याचं जाहीर केलं. ती पुन्हा भरली नाही.

काही दिवसांनी वकीलसाहेब मला स्टेशनावर भेटले. टोपीला हात लावून अत्यंत मृदू स्वरात म्हणाले, "मास्तर, एक चांगली संस्था आपल्या हातून बुडाली. आपल्याबद्दल मला अपार आदर आहे."