कंगव्यातले केस

मुलगी पहिल्या बाळंतपणाला पनवेलला आमच्याकडे आली, तेव्हाच मी ठरवलं होतं की बाळाला पाच महिने पूर्ण झाल्यावर तिला धडधाकट करून सासरी पाठवायचं. साडेतीन महिने नीट गेले आणि मग तिचे केस गळायला लागले. डॉक्टर म्हणाल्या, "बाळंतपणानंतर होतं असं. वर्षभरात परत येतील." औषध दिलं नाही. मला पटलं, पण नुसत्या बोलण्यावर मी भरवसा ठेवत नाही. मला आकडा लागतो.

सकाळी तिची वेणी मीच घालायचे. ती बाळाला पाजायला बसली की कंगव्यातले आणि चटईवरचे केस गोळा करून स्वयंपाकघरात न्यायचे, उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर पसरायचे आणि दहा-दहाच्या जुड्या करून मोजायचे. पहिल्या दिवशी एकशे शहाऐंशी भरले. कॅलेंडरवर बाळाच्या वजनाशेजारी बारीक अक्षरात लिहून ठेवले. पाचव्या दिवशी दोनशे चौदा झाले, त्या दिवशी आमटीत मी दोनदा मीठ घातलं.

दुसऱ्या आठवड्यापासून आकडा उतरू लागला. एकशे तीस, नव्वद, साठ. मी श्रेय अळिवाच्या लाडवांना दिलं आणि रोजचा एक होता त्याचे दोन केले. ती निमूट खायची. तिच्या कानशिलांवरची कातडी आता दिसत होती, पण डोळ्यांना दिसत होतं त्यापेक्षा मी आकड्यावर विश्वास ठेवला.

चार महिने झाल्यावर तिच्या सासूबाई आपटा गावाहून नातवाला बघायला आल्या. बाळाला मांडीवर घेतलं, मग सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हात तिथेच थांबला.

"विहीणबाई, पोरीचे केस पार गेले की. खायला घालता का नाय?"

"घालते ना. आणि गळणं कमी झालंय," मी म्हटलं. "दोनशे चौदावरून अडतीसवर आलंय." पुरावा म्हणून मी त्यांना कॅलेंडरही दाखवलं.

त्या हसल्या. "आमी भाताची पोती मोजतो. केस मोजणारं मानूस पयल्यांदा बघितलं."

मुलगी हसली नाही. बाळाचं दुपटं नीट करत ती म्हणाली, "आई, ते आकडे खरे नाहीत."

मला कळेना. दहाच्या जुड्या करून मोजलेले आकडे खोटे कसे असतील?

"मी आधी बाथरूममध्ये विंचरून घेते. ते केस बाळाच्या डायपरमध्ये गुंडाळून टाकते. उरलेले तू मोजतेस."

"का पण?"

"आकडा जास्त आला की दिवसभर तुझं तोंड उतरलेलं असायचं. बाळ रात्रभर रडतं, मला झोप नाही, त्यात तुझ्या तोंडाकडेही मीच बघायचं का?"

सासूबाईंनी या वेळी चेष्टा केली नाही. थोड्या वेळाने मुलगीच त्यांना म्हणाली, "अहो आई, मी तुमच्याबरोबरच येते."

अजून एक महिना बाकी होता, पण तेवढं म्हणायचंही मला धाडस झालं नाही. मी बाळाची लंगोटं, दुपटी आणि तेलाची बाटली भरली. लाडवांचा डबा पिशवीत घातला, तो तिने काढून ओट्यावर ठेवला. रिक्षात बसताना तिने पदर डोक्यावरून घेतला. आमच्यात बाळंतीण बाहेर पडताना कानावरून पदर घेतेच, पण तिने तो अगदी कपाळापर्यंत ओढला.

आता ती रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते, एकही दिवस चुकवत नाही. बाळ पालथं पडतं, हुंकार देतं, सगळं दाखवते. फोन कायम बाळाकडे धरलेला असतो आणि तिचा नुसता आवाज येतो. "तू कशी आहेस?" विचारलं की "बरी आहे" म्हणते. तिचा चेहरा दाखव, असं मी अजून म्हटलेलं नाही.