तळ्यातली जोडपी

नगरपालिका उद्या आमच्या तळ्यात शेवाळ मारायला मोरचूद टाकणार आहे. का, तर शेवाळ म्हणजे घाण. निषेधाचं पत्रक लिहिण्याआधी ती घाण नीट बघावी म्हणून मी चिमूटभर शेवाळ घेऊन कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेले.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन हिरवे धागे एकमेकांना खेटून होते. मधे इवलासा पूल झाला होता आणि एका पेशीतलं सगळं हिरवेपण त्यावरून हळूहळू पलीकडे निघालं होतं. मागे काहीच न ठेवता.

"पाणी आटू लागलं की यांचं हे मीलन सुरू होतं," तिथे वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या शुभदाताई म्हणाल्या. "यातून जाड सालीचं बीज होतं, ते चिखलात पावसाची वाट बघतं."

"आणि उद्या मोरचूद पडलं तर?"

"ही जोडपी अर्ध्या वाटेवरच मेली म्हणून समज."

पत्रकात मी एवढंच लिहिलं: साहेब, काठावर बसणारी जोडपी तुम्ही उठवलीत, पाण्यातली तरी राहू द्या.