घळीच्या अल्याड-पल्याड

जपानमध्ये सोळा वर्षं काढल्यावर एक गोष्ट मी ठणकावून सांगू शकते: वसंतातला बर्फ मला कळतो. ऑफिसात माझ्या प्रेझेंटेशनवर शंका घ्या, माझ्या जपानीला हसा, माझ्या पुरणपोळीला नावं ठेवा. पण एप्रिलमधल्या डोंगरउताराबद्दल मी बोलत असेन तर गुपचूप ऐकून घ्या. तोक्योतल्या निशी-कसाईच्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायका मला ‘बर्फवाली’ म्हणतात. म्हणोत बापड्या.

गणित तसं सोपं आहे. रात्री आभाळ मोकळं असेल तर बर्फाचा वरचा थर गोठून फरशीसारखा कडक होतो आणि पहाटे त्यावरून माणूस खुशाल चालत जातो. ऊन चढलं की तोच बर्फ पाणी धरतो, जड होतो. पाय घोट्याच्या वर रुतायला लागले, वरून लिंबाएवढे गोळे आपोआप घरंगळायला लागले, की समजायचं, आता काढता पाय घ्या. उघडी घळ ओलांडायचीच असेल तर ऊन तापायच्या आत, आणि एका वेळी एकानंच. दुसऱ्यानं कडेला सुरक्षित जागी उभं राहून जाणाऱ्यावर डोळे ठेवायचे. तो गाडला गेलाच, तर कुठे खणायचं ते निदान कळतं.

हे सगळं मला पाठ आहे, आणि तरीही दोन वर्षांपूर्वी मी जी माती खाल्ली ती सांगते.

माझा दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. पुण्यात बँकेत नोकरी केली आणि चाळीस वर्षं रविवारचे रविवार पोरापोरींना घेऊन सह्याद्री पालथा घातला. मला डोंगर त्यानंच दाखवला. तो रिटायर झाला, गुडघ्यांची ऑपरेशनं ठरली, आणि त्याआधी एकदा “तुझा तो बर्फ दाखव” म्हणून माझ्याकडे आला. माझ्या नवऱ्यानं बर्फाचं नाव काढताच हात जोडले. म्हणून आम्ही दोघंच निघालो. तोक्योत साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, फुलून गळायलाही लागला होता, आणि ट्रेननं दोन तासांवरच्या त्या डोंगरात अजून माणूसभर बर्फ होता.

पायथ्याशी एक पेटी असते. कोण जातंय, कुठून जातंय, किती वाजता परतणार, हे कागदावर लिहून त्यात टाकायचं. मी लीडरच्या रकान्यात दादाचं नाव लिहायला गेले, तर त्यानं माझा हात धरला.

“ए, शहाणे! इथे लीडर तू. मी आपला मागून येणारा पाहुणा.”

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! ज्याचं बोट धरून मी पहिला गड चढले, तो मला लीडर म्हणत होता.

आदल्या रात्री पायथ्यालाच मुक्काम होता, त्यामुळे साडेसहाला आम्ही वाटेतल्या उघड्या घळीपाशी पोचलो. रुंदी जेमतेम चाळीस पावलं, तोंड पूर्वेला, दोन्ही कडांना बीच वृक्षांची दाट झाडी. बर्फ खडखडीत होता. मी दादाला बजावलं की मी पलीकडे पोचेपर्यंत तू झाडातून हलायचं नाहीस. तो “हो” म्हणाला. अर्ध्यात जाऊन मागे बघते, तर हा माझ्या पाठीशी, हात पुढे करून.

“दादा, मागे हो! मागे हो म्हणते ना!”

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यावर ओरडले. त्याचा चेहरा एवढासा झाला. मागे वळला, मी पोचल्यावर एकटा आला आणि म्हणाला, “आमच्याकडे गं, अवघड जागी हात धरून साखळी करतात. माणसाला एकटं सोडायचं नाही, हेच शिकवलं मी सगळ्यांना.”

“माहितीये. मलाही तूच शिकवलंस. पण इथे साखळी केली तर साखळीच्या साखळी गाडली जाते.”

त्यानं मान डोलावली, पण पटलं नव्हतं. त्याला मी चांगली ओळखते.

पावणेनऊला माथ्यावर होतो. माझा हिशेब असा, की नऊला निघायचं, गुडघे सांभाळत उतरायचं, दहाच्या आत घळ पार. दादानं सॅक उघडली. आतून स्टोव्ह निघाला, पुण्याची चहापूड निघाली, आलं निघालं आणि चक्क खिसणी निघाली! माथ्यावर चहा केल्याशिवाय हा माणूस उतरत नाही. थर्मासमध्ये गरम पाणी होतं, पण नाही, ते चालेना. बर्फ वितळवूनच चहा हवा. बर्फ वितळवून दोन कप पाणी करायला किती वेळ लागतो ते करून बघा. पातेलंभर टाकावा तर तळाला चमचाभर उरतो.

नऊ वाजले. मी घड्याळ बघितलं. दादा स्टोव्हपुढे मांडी घालून बसला होता, समोर शिखरांची रांग, आणि चेहरा असा खुललेला की बघत राहावं. पुढच्या महिन्यात याचे गुडघे कापणार होते. असा तो पुन्हा कधी कुठल्या माथ्यावर बसेल की नाही कोण जाणे. ‘ऊठ’ हा शब्द ओठांवर आला आणि मी तो गिळला. मोठ्या भावाला चहावरून कसं उठवायचं? चहा फक्कड झाला होता. निघालो तेव्हा पावणेदहा वाजून गेले होते.

घळीपाशी पोचलो तेव्हा अकरा. मी काठावर पाय ठेवला तर घोट्याच्या वर रुतला. दोन गोळे माझ्या डोळ्यांदेखत घरंगळत गेले. बर्फ शुद्ध मराठीत बोलला असता तरी याहून स्पष्ट बोलला नसता. दुसरी वाट होती, पण तिला परत वर चढून दोन तासांचा वळसा, आणि दादा उतरताना काठ्यांवर भार देऊन, दात आवळून कळा सोसत होता. चाळीसच तर पावलं, मी मनाशी म्हटलं. मी, बर्फवाली!

“मी आधी जाते. काही झालं तरी तू इथून हलायचं नाहीस. काही म्हणजे काहीही.”

विसाव्या पावलाला पायाखालचा बर्फ निसटला. आवाज कसला तर ओल्या वाळूचा ट्रक रिकामा करावा तसा. मी बसले, घसरले, आणि तीस-चाळीस फूट खाली जाऊन थांबले. कमरेपर्यंत गाडलेली. ओला बर्फ थांबल्यावर सिमेंटसारखा बसतो, पाय हलेचनात. वर बघितलं तर दादा झाडांच्या कडेला उभा, एक पाय पुढे टाकलेला.

“दादा, जागेवर थांब! वर बघ, वर! काही यायला लागलं तर ओरड!”

तो थांबला. टाकलेला पाय त्यानं मागे घेतला. एका हातानं झाड धरलं आणि मान वर करून बघत राहिला. मी सॅकवरचं फावडं कसंबसं ओढून मांड्यांभोवती खणायला लागले. एक पाय सुटला, मग दुसरा.

“आलं गं! आलं, पळ!”

मी चार पायांवर सुटले, पलीकडच्या झाडांत तोंडावर आपटले, आणि माझ्या मागून दुसरा लोंढा गेला. आमच्या पाऊलवाटेवरूनच गेला. दादा मला काढायला धावला असता तर नेमका तिथे असता.

तो अल्याड, मी पल्याड, मध्ये खरवडलेली घळ. वर आणखी बर्फ लोंबत होता, म्हणजे आता त्यानं येणं नको नि मी जाणं नको. हातपाय शाबूत होते, फोनला रेंज होती, उगाच मदत बोलवायचं कारण नव्हतं. नवऱ्याला कळवलं की उशीर होईल. दुपारनंतर घळ सावलीत जाणार, बर्फ पुन्हा आवळणार, तेव्हा दादानं एकट्यानं यायचं असं ठरलं. तोपर्यंत बसायचं.

पाच तास बसलो. दादा आधी हातवारे करून बोलत होता. त्याला वाटलं, आवाजानं बर्फ पडतो.

“बोल रे मोठ्यानं! ते सगळं सिनेमात!”

मग काय, माझ्याजवळचे पराठे मी इकडे खाल्ले, त्याच्याजवळची चकली त्यानं तिकडे खाल्ली आणि आरडाओरडा करत गप्पा मारल्या. 

साडेचारला बर्फ पुन्हा कडक होऊन बुटाखाली वाजायला लागला. मी कडेला जाऊन बूट आपटून बघितला, वरपर्यंत नजर टाकली आणि हाक दिली. तो निघाला. एकेक पाऊल, काठी, पाऊल. मध्यावर त्याचा गुडघा अडकला आणि तो उभा राहिला. माझा जीव नुसता टांगणीला लागला. धावत जावं, हात द्यावा, ओढून आणावं असं वाटत होतं, आणि मी कडेला उभी होते, डोळे वर. सकाळी त्याला काय झालं असेल ते मला तिथे कळलं. शेवटी गुडघा सुटला आणि तो आला.

आला आणि माझ्या जॅकेटची कॉलर दोन्ही मुठींत धरून रडायला लागला. माझा दादा!

“आईला काय सांगणार होतो मी? सांग ना, काय सांगणार होतो?”

मी त्याला सॅकवर बसवलं, पाणी दिलं. तो नाक पुसत म्हणाला, “पण तू पक्की तयार आहेस हं. तुझं सगळं बरोबर होतं म्हणून वाचलो. बर्फच वाईट निघाला.”

हे मात्र मला गिळवेना.

“नाही दादा. बर्फानं काही लपवलं नव्हतं. मला नऊलाच कळलं होतं की निघायला हवं. तू इतका खुशीत होतास, त्यात मोठा. तुला उठवू कसं? म्हणून गप्प बसले.”

त्यानं पाण्याची बाटली खाली ठेवली.

“मीही घड्याळ बघत होतो गं,” तो म्हणाला. “ऊन पाठीला चटके देत होतं, कळत नव्हतं का मला? पण म्हटलं, लीडर ती आहे. मोठा भाऊ म्हणून कशाला मध्ये तोंड घालू? निघायचं असेल तर ती म्हणेल.”

सूर्य डोंगरामागे गेला होता आणि खाली अजून तासभर वाट होती.

“ऊठ,” मी म्हटलं.

तो ताबडतोब उठला.