रफीकचा लॅपटॉप मिटायचा नाही

२००७ साल. तुळशीचं लग्न लागून गेलं होतं आणि शिवारात कपाशीची वेचणी चालू होती. परतवाड्याच्या जीप स्टँडवर तेव्हा पॅसेंजर कमी आणि गोष्टी जास्त. जीप भरेपर्यंत माणूस करणार काय? बोलणार. किस्से तिथं धुळीसारखे साचतात, कोणी झाडत नाही. मी चौथी शिकलो, पण पाहिलेलं विसरत नाही.

आधी स्टँडचा नियम सांगतो. ज्यानं आपल्या गाडीला धक्का दिला, त्याच्या गाडीला आपण धक्का द्यायचा. चहा पाजून भागत नाही. धक्क्याला धक्का.

त्या हिवाळ्यात माझ्या जीपचा स्टार्टर गेला होता. मी गाडी उतारावर लावायचो आणि इंजिन होता होईल तो बंद करायचो नाही. तरी सकाळी धक्का लागायचाच. समोरच्या फोटो स्टुडिओतला रफीक शटर उघडायच्या आधी येऊन धक्का द्यायचा. रोज. त्याच्याकडे गाडी नाही, सायकल. फेडणार कसं? एकदा मी विचारलं तर हसून म्हणाला, "कधी तरी एक द्या काका, सारे फिटले समजू."

"काय सायकलीले देऊ?" मी म्हणालो. कोणाचं अंगावर ठेवणं मला चालत नाही.

*

रफीकनं अमरावतीहून जुना लॅपटॉप आणला. आम्ही सगळे स्टुडिओत जमलो. स्टँडवर नंबर पुकारणारा शालिक होता, मी होतो, आणि लग्न लावायला निघालेले जोशी गुरुजी होते. रफीकनं झाकण मिटलं आणि सांगितलं, आता हा झोपला. उघडला की जिथं होता तिथूनच उठतो.

उघडला. पडदा निळा. वर पांढरी इंग्रजी अक्षरं. रफीकनं सगळी बटणं दाबली. अक्षरं हलली नाहीत.

शालिक हळूच म्हणाला, "हा तं झोपीतच गेला बे."

गुरुजींना मयतीला जायची सवय. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वय काय होतं?"

"सेकंडहँड आहे, गुरुजी," रफीक म्हणाला. त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

*

मी त्याला जीपनं अमरावतीला नेलं. दुरुस्तीवाल्यानं उलटसुलट पाहिलं आणि सांगितलं की ऑपरेटिंग सिस्टिम झोपेतून उठताना क्रॅश होते. आतलं सगळं पुसून त्यानं नव्यानं भरलं. मग लॅपटॉप हातात देत म्हणाला, "आता याला झोपू देऊ नका."

"कुठवर?" रफीकनं विचारलं.

"आहे तोवर."

मी थक्क झालो. दुरुस्त करून दिलेली वस्तू, आणि दोष तिच्यात तसाच! माझ्या मिस्त्रीनं असं केलं असतं तर मी त्याला स्टँडवर उभं राहू दिलं नसतं. पण बाहेर माझी जीप चालूच उभी होती. 

*

झाकण चुकून पडू नये म्हणून शालिकनं चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा आणून दिला. पडदा आणि बटणं यांच्या मध्ये तो बसवला. पण लॅपटॉप नुसता पडून राहिला तरी आपोआप झोपायचा. सेटिंग बदलून पाहिलं, ऐकत नव्हता; बंद करायला गेलं तरी झोपायचाच. म्हणून बटणांखालच्या पट्टीवर कोणीतरी बोट फिरवत राहायचं. स्टुडिओत गिऱ्हाईक असलं की रफीक स्टँडवरच्या पॅसेंजरला बसवायचा.

एकदा सेमाडोहची एक बाई जीपची वाट पाहत होती. तिला बसवलं. मांडीवर लेकरू, एक हात लेकरावर, एक बोट लॅपटॉपवर. लेकरू झोपलं तरी बोट थांबलं नाही. जाताना म्हणाली, "आमी झोपवाले हलवतो, तुमी जागं ठेवाले हलवता. कसे लोक आहा?"



*

अंजनगावकडचं लग्न. लावायला जोशी गुरुजी, न्यायला माझी जीप. कापसानं त्या वर्षी सगळ्यांचीच कंबर मोडली होती. बँड नव्हता, जेवणात एक भाजी कमी होती. फोटो मात्र हवे होते. रफीकनं कॅमेऱ्याचं कार्ड लॅपटॉपमध्ये रिकामं केलं, लॅपटॉप ठोकळा लावून मांडवात पाटावर ठेवला, वधूच्या भावाला बोट फिरवायला बसवलं आणि पंगतीचे फोटो काढायला गेला.

भावाला कोणीतरी वाढायला बोलावलं. गुरुजी आपलं आवरत होते. शेजारी लॅपटॉप उघडा. पोथी उघडी टाकून उठायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. त्यांनी ठोकळा काढून नीट बाजूला ठेवला, लॅपटॉप मिटला, आणि हात कपाळाला लावून नमस्कार केला.

रफीक आला. ठोकळा पाहून जागच्या जागी थांबला.

"कोणं मिटला?"

"मी. उघडा होता ना, बाप्पा," गुरुजी म्हणाले.

उघडला. निळा. अमरावतीच्या माणसानं पुन्हा सगळं पुसलं, त्यात लग्नही पुसलं. वधूच्या बापाला सांगायला रफीक, गुरुजी आणि मी असे तिघं गेलो.  त्यानं गुरुजींना विचारलं, "मंग लगन लागलं का नाही?"

"लागलं. मी आहे ना साक्षीले," गुरुजी म्हणाले. खाली पाहून.

त्यानंतर त्या भागातून रफीकला कोणी बोलावलं नाही. मला म्हणाला, "काका, आणखी एक लग्न असं गेलं तं शटर पाडतो. बऱ्हाणपूरले मेव्हण्याच्या दुकानात गादीवर बसतो."

*

माघात गुरुजींच्या मुलीचं लग्न निघालं. फोटोचं काम त्यांनी रफीकला दिलं. घरचे हबकले. गुरुजी एवढंच बोलले, "माझ्या हातानं गेलं, माझ्या घरून येईल."

लग्न झालं. फोटो लॅपटॉपमध्ये गेले. अल्बम अकोल्याच्या कलर लॅबमध्ये व्हायचे. लॅपटॉपमधलं सीडी लिहायचं यंत्र बंद, आणि पेनड्राइव्ह तेव्हा आमच्यात कोणाच्या खिशात नव्हता. लॅपटॉपच न्यायचा होता, आणि जागा न्यायचा होता. त्याची बॅटरी तर चहा पिऊन होईपर्यंतही टिकत नसे.

मी माझी जीप काढली. स्टुडिओतला इन्व्हर्टर मागे ठेवून जीपच्या बॅटरीला जोडला. तीही म्हातारी, इंजिन चालू तोवर लॅपटॉप जागा. एक बंद पडली तर चालू होत नाही, दुसरा झोपला तर उठत नाही. शालिकनं आम्हाला निरोप दिला, "दोन्ही पेशंट एकाच गाडीत!"

गुरुजीही निघाले. मागच्या सीटवर दोन्ही हात शालीत घालून बसले. अंजनगाव गेलं, अकोट गेलं, हात बाहेर आले नाहीत.

अकोटच्या पुढं कापसाची एक बैलगाडी अचानक रस्त्यात वळली. मी ब्रेक मारला. इंजिन बंद पडलं.

बैलगाडी शेतात उतरून गेली. रस्ता सपाट, मोकळा. मागं इन्व्हर्टर टीं टीं करू लागला.

रफीक सवयीनं उतरायला निघाला, आणि थांबला. बोट लॅपटॉपवर होतं. त्यानं मागं पाहिलं. गुरुजींनी हात शालीत आणखी आत ओढले. "मले नको सांगू रे," म्हणाले. 

त्या सीटवरून मी धक्का द्यायला कधी उतरलो नव्हतो. ड्रायव्हर बसतो, धक्का बाकीचे देतात.

मी उतरलो.

"रफीक, इकडं सरक. स्टेअरिंग धर."

"मले गाडी येत नाही, काका."

"मले लॅपटॉप येत नाही. सरक."

लॅपटॉप शेजारच्या सीटवर ठेवून तो सरकला. एक हात स्टेअरिंगवर, एक बोट लॅपटॉपवर. मी दुसरा गिअर टाकून दिला, क्लच दाबून ठेवायला सांगितला, आणि मी म्हणेन तेव्हाच सोड, इंजिन लागलं की पुन्हा दाब, म्हणालो. मागं गेलो तर गुरुजी धोतर खोचून जीपला हात लावून उभे. शाल रस्त्यावर.

ढकलली. हलेना. पुन्हा खांदा लावला. हलली. माझ्या छातीत भाता चालू होता. जीप चालीला लागली.

"सोड!"

जीपनं हिसका दिला, धूर टाकला आणि इंजिन लागलं.

रफीकनं खिडकीतून मान बाहेर काढली.

"नाही झोपला, काका."

"फिटलं," मी म्हणालो.