चौदा एमएमचा फरक

"चौदा मिलिमीटर," मुलुंडचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी माझ्या पोराच्या डोक्यावरचा मापाचा चिमटा बाजूला ठेवला.

मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, "डॉक्टर, ग्राउट भरून भागेल काय?"

डॉक्टर हसले नाय. माझी बायको सुप्रिया, तिने तर माझ्याकडे बघितलंच नाय. सहा महिन्यांचा रुद्र तिच्या मांडीवर बसून डॉक्टरांच्या पेनाचं टोपण चावत होता. त्या खोलीत चालू डोकं त्याचंच होतं. माझं बंद.

मी लादी मिस्त्री. लोकांच्या बाथरूममध्ये लाद्या बसवतो, फटींत ग्राउटचा लगदा भरतो. शाळा चौथीपर्यंत, ती पण बाईंना माझा कंटाळा आला म्हणून वर ढकललं. पण नजर अशी आहे की एक एमएम लादी वर आली तर मला दरवाज्यातून कळतं. एका लादीची जाडी नऊ-दहा एमएम. चौदा म्हणजे आख्ख्या लादीपेक्षा जास्त. असं काम दुसऱ्या मिस्त्रीने केलं असतं तर मी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. आणि हे डोकं सहा महिने रोज माझ्या मांडीवर होतं.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, प्लेजिओसेफली. म्हणजे डोकं एका बाजूने मागून चपटं होणं. चौदा एमएम म्हणजे डोक्याच्या दोन तिरक्या मापांतला फरक. बाळाची कवटी मऊ असते. बाळ कायम एकाच कुशीला मान टाकून झोपलं की ती बाजू दबते, कपाळ पुढे येतं, कान पण पुढे सरकतो. दुसरं नाव टॉर्टिकॉलिस. मानेचा एका बाजूचा स्नायू आखडलेला, म्हणून मान दुसरीकडे वळतच नाय. रुद्र नुसता उजवीकडे बघायचा. मी म्हणायचो, पोरगं बापावर गेलंय, सांगितलं तिकडे बघतच नाय.

"मेंदूला काही धोका नाही," डॉक्टर म्हणाले. "पण आधी एक गोष्ट बघून घेऊ."

ती गोष्ट म्हणजे क्रेनिओसिनॉस्टोसिस. कवटीच्या हाडांमध्ये वाढीसाठी फटी असतात. त्या वेळेआधी बुजल्या तर डोकं वाकडं वाढतं आणि मग ऑपरेशन. डॉक्टरांना हात लावून तसं वाटत नव्हतं, तरी स्कॅन करून घेतला. रिपोर्टसाठी दोन तास बाकड्यावर बसलो. मी लाद्यांमध्ये स्पेसर लावतो, फट राहावी म्हणून. फट नाय ठेवली तर उन्हात लादी फुगून उठते. तेवढं मला समजत होतं. त्यामुळे मी तिथे एकही जोक केला नाय. आयुष्यात पहिल्यांदा दोन तास.

फटी उघड्या होत्या. ऑपरेशन नाय. सुप्रिया रडली. मग डॉक्टरांनी विचारलं, "याआधी कोणी काही सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं ना. राग त्याचाच आहे. आणि तो कोणावर काढू?

रुद्र अडीच महिन्यांचा असताना लस द्यायला गेलो, तेव्हा आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी बरोबर पकडलं होतं. म्हणाले, "डोकं चपटं व्हायला लागलंय. बाळाची झोपायची दिशा बदला. एक दिवस डोकं इकडे, एक दिवस तिकडे. बाळ जागं असेल तेव्हा समोर बसून पोटावर खेळवा. उशी नको." फुकटचं औषध. पोराला उलटं फिरवायचं, बस.

आता आमची घाटकोपरची खोली बघा. एक पलंग, भिंतीला चिकटलेला. पलंगाच्या उशाकडच्या भिंतीवर देव्हारा. रुद्रच्या डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला सगळी दुनिया. दरवाजा उजवीकडे, टीव्ही उजवीकडे, आणि बाप उजवीकडे बसून माकडचाळे करणार. पोरगं भिंतीकडे कशाला बघेल?

सुप्रियाने त्याच दिवशी पोराला फिरवलं. डोकं पायथ्याला, पाय उशाला. माझी आई आली, बघितलं आणि ओरडली, "काय रे मेल्या, देवाक पाय दाखवतस पोराचे?" उचललं आणि परत होतं तसं झोपवलं.

सुप्रियाने परत फिरवलं. आईने परत फिरवलं. वर राईची उशी शिवून आणली. "तू तसोच वाढलंस. तुका काय झाला?"

मी काय केलं? सुप्रियाला म्हटलं, "तू बोलतेस ते बरोबर." आईला म्हटलं, "तुझं पण बरोबर." दोघींना हसवलं. म्हटलं, पंखा फिरतो, पोरगं फिरतं, या घरात मीच एक जागेवर. उशी तेवढी सुप्रियाने माळ्यावर टाकली. पोराला फिरवायचं राहिलं ते राहिलं. साडेतीन महिने. माझी आई मालवणातून लग्न करून आली, माझ्या बापाची गिरणी बंद पडली तेव्हा चार घरची भांडी घासून तिने आम्हाला वाढवलं. तिच्यासमोर तोंड उघडायची माझ्यात हिंमत नाय. तोंड उघडतं ते फक्त जोकसाठी.

मुलुंडचे डॉक्टर म्हणाले, "हेल्मेट प्रत्येक बाळाला लागत नाही. बऱ्याच बाळांचं झोपण्याची पद्धत बदलून आणि मानेच्या व्यायामाने सुधारतं. तुमच्याकडे फरक जास्त आहे आणि वय सहा महिने झालंय. जसजसं डोकं वाढायचं कमी होतं, तसतसा हेल्मेटचा उपयोग कमी होतो. मी लावा म्हणेन. ठरवायचं तुम्ही."

आम्ही लावायचं ठरवलं. ठरवलं सुप्रियाने, मी मान हलवली.

रुद्रच्या डोक्यावर मोज्यासारखी टोपी चढवली आणि कॅमेऱ्याने सगळीकडून माप घेतलं. दोन आठवड्यांनी हेल्मेट आलं. बाहेर कडक प्लास्टिक, आत फोम. लोकांना वाटतं हे डोकं दाबतं. दाबत नाय. जिथे डोकं पुढे आलंय तिथे नुसतं टेकतं, आणि चपट्या बाजूला जागा मोकळी सोडतं. डोकं वाढताना त्या मोकळ्या जागेत जातं. दिवसाचे तेवीस तास घालायचं. एक तास आंघोळ आणि साफसफाई. सुरुवातीला थोडा थोडा वेळ, मग पूर्ण. लाल झालं तर हेल्मेट काढून बघायचं. तासाभरात लाली गेली नाय तर फोन करायचा, स्वतः कापाकापी करायची नाय. हे शेवटचं हेल्मेटवाल्या मॅडमनी खास माझ्याकडे बघून सांगितलं. माझ्या बॅगेत ग्राइंडर दिसला असणार.

मग सुरू झाली जनता. रिक्षावाला विचारतो, "बाईक पे बिठाते क्या?" शेजारचे काका लांबून, "डोक्यात पाणी झालंय काय रे?" बोरिवलीच्या साइटवर माझा पार्टनर म्हणाला, "पोराला आत्तापासून साइटवर आणणार वाटतं, सेफ्टी टोपी घेतलीस." त्याला मी पहिल्यांदा आयमाय काढून शिवी दिली. तो बघतच राहिला. कारण असले जोक मीच करतो. मीच त्याला शिकवलेत.

आई पण विचारायची. "ह्या कित्याक घातलंस त्याच्या डोक्यार?"

इथे माझी खरी हरामखोरी ऐका. तिला बसवून सांगायला पाहिजे होतं. पण सांगायचं म्हणजे देव्हाऱ्याचा विषय निघणार, तिने पोराला परत परत फिरवलं तो विषय निघणार. मला ते नको होतं. मी म्हटलं, "अगं काय नाय, फॅशन आहे. मोठ्या डॉक्टरांचे चोचले. नुसतं दिसायला बरं म्हणून." आणि हसलो. ती पण हसली.

महिन्याने मापाला गेलो. तोपर्यंत सुप्रिया परत पार्लरमध्ये कामाला लागली होती, दुपारी रुद्र आईकडे असायचा. डॉक्टरांनी मोजलं, परत मोजलं. तेरा. सुप्रियाचा चेहरा पडला.

"किती तास घालता?"

"तेवीस," आम्ही दोघं एकदम.

"तेवीस तास घातलं असतं तर यापेक्षा जास्त फरक दिसला असता," डॉक्टर म्हणाले. ओरडले नाय. ओरडले असते तर बरं झालं असतं. "हा महिना परत येणार नाही, एवढं लक्षात ठेवा."

दुसऱ्या दिवशी काम सोडून मी दुपारी घरी आलो. रुद्र पलंगावर झोपलेला, मान उजवीकडे, डोकं उघडं. हेल्मेट टीव्हीवर. आई बाजूला बसून पुठ्ठ्याने त्याला वारा घालत होती.

मी एवढा ओरडलो की शेजारचे काका दारात आले. हेल्मेट उचलून तिच्यासमोर धरलं. काय काय बोललो ते लिहीत नाय. जन्मात आईला उलटून बोललो नव्हतो, त्या दिवशी सगळं भरून काढलं. "कधीपासून काढतेस?"

"रोज," ती म्हणाली. "तू कामार गेलंस काय काढतंय. घामान चिकचिकता रे ता. पोर डोक्या खाजवता. लाल चट्टे येतत."

"पण काढलंस कशाला?"

तिने पुठ्ठा खाली ठेवला. "तूच म्हणालंस ना, फॅशन आसा म्हणान? नुसत्या दिसण्यासाठी माझ्या नातवाक उकडत ठेवू? माका ह्या घरात कोण काय सांगता? तू सांगतस ता नुसता हसण्यासाठी."

काका गेले. मी खाली बसलो.

तुम्हाला सांगतो, मला जगात खूप लोकांचा राग येतो. रिक्षावाल्याचा, काकाचा, पार्टनरचा, फुकट सल्ले देणाऱ्या सगळ्यांचा. पण त्या दुपारी कळलं, यातल्या एकाने पण माझ्या पोराचं एक एमएम नुकसान केलेलं नाय. देव्हाऱ्याने केलं नाय, आईने पण केलं नाय. एका भल्या बाईला मी खोटं सांगितलं आणि तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

बॅगेतून बांधकामाची तार काढली. टोक आत वळवलं, रुद्रच्या डोक्याभोवती भुवयांच्या वरून अलगद फिरवली. तो जागा झाला आणि तार खायला बघू लागला. वाकलेली तार उचलून जमिनीवर लादीवर ठेवली आणि पेन्सिलने आतून रेघ मारली. पुढे नाकाच्या जागी एक खूण केली. "बघ," म्हटलं.

आई वाकली. चष्मा लावला. डोक्याचा आकार अंड्यासारखा पाहिजे. तो होता पिशवीत तळाला दबलेल्या पावासारखा. तिने चपट्या बाजूवर बोट ठेवलं. "ही खयची बाजू?"

"उजवी. रोज त्याच बाजूवर झोपला."

मग सगळं सांगितलं. लसवाले डॉक्टर काय बोलले, पोराला का फिरवायचं होतं, हेल्मेट काय करतं, तेवीस तास का. एकही जोक नाय. घाम फुटला मला. आई रेघेवरून बोट फिरवत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग देवाकच हलवूया ना. त्येच्यात काय? तू इचारलंस कधी?"

पाच महिने! एक ड्रिल, चार स्क्रू, अर्ध्या तासाचं काम. लोकांच्या घरात मी आख्खे बेसिन हलवतो. आणि मी विचारलंच नव्हतं.

मी लगेच ड्रिल काढलं. आई म्हणाली, "थांब मेल्या. आधी सांगूक नको त्येका?" पदर डोक्यावर घेतला, दिवा लावला आणि गावच्या देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज तुका हयसून थय नेतंव. पोराक त्रास होता, म्हणान नेतंव. माझ्या हातून काय चूक झाली आसात, तर माफ कर रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला बाकीच्यांनी होकार द्यायचा असतो. बाकीचा म्हणजे मी एकटाच. "व्हय म्हाराजा!"

"माझ्या झिलाक बोलूची अक्कल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. झील म्हणजे मुलगा, म्हणजे मीच.

देव्हारा समोरच्या भिंतीवर, दरवाज्याच्या बाजूला गेला. पलंगाचं तोंड फिरलं. आता दुनिया रुद्रच्या डावीकडे. मानेच्या व्यायामाला पण त्याचाच उपयोग झाला. हेल्मेटची जबाबदारी आईने घेतली. तेवीस तास म्हणजे तेवीस तास. आंघोळीच्या वेळी घड्याळ समोर ठेवून बसायची. सुप्रियाला पाच मिनिटं उशीर झाला तर, "गो, टोपी घाल आधी!" स्पिरिटने आतून पुसणं, सावलीत वाळवणं, लाली तपासणं, सगळं तिचं. त्या हेल्मेटचा वास माझ्या बुटांसारखा यायचा. तरी तिने ते कधी जमिनीवर ठेवलं नाय.

पुढच्या मापाला दहा. मग सात. रुद्र अकरा महिन्यांचा झाला तेव्हा पाच, आणि डॉक्टर म्हणाले, "आता बस. केस आले की कोणाला दिसणारही नाही." मी विचारलं, पहिला महिना फुकट गेला नसता तर? डॉक्टर म्हणाले, "ते आता कशाला?" याचा अर्थ मला समजतो. चौथी पास असलो तरी.

पाच एमएम. लादी असती तर उखडून परत बसवली असती. पोराला उखडता येत नाय. ते पाच एमएम मला रोज दिसणार, दरवाज्यातून.

मुलुंडच्या डॉक्टरांचे, हेल्मेटवाल्या मॅडमचे, आणि सगळ्यात जास्त आमच्या गल्लीतल्या त्या डॉक्टरांचे उपकार आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी फुकटचं औषध सांगितलं होतं. तुमच्या बाळाचं डोकं तुम्हाला चपटं वाटत असेल तर आजच दाखवा. आणि डॉक्टर सांगतील ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला नीट बसवून सांगा. त्यांनाच बाळाजवळ सगळ्यात जास्त बसायचं असतं.

हेल्मेट सुटलं त्या दिवशी मी परत तार फिरवली आणि लादीवर जुन्या रेघेवर नवी रेघ मारली. नाकाच्या दोन्ही खुणा एका रेषेत. आई त्या लादीवर फडका मारू देत नाय. गल्लीत कोणाच्याही घरी बाळ झालं की ती त्या बाईला बोलावते, खाली बसवते आणि पहिल्या रेघेवर बोट ठेवते.

"ह्या माझ्या झिलान हसण्यावारी नेल्यान," सांगते. "तू नेव नको गो."

मी तिथेच असतो. "व्हय म्हाराजा," म्हणतो.