एक फोन, दोन माणसं

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची खडकवासल्याची सहल निघाली. नावनोंदणीचं ॲप हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या नातीनंच बनवलेलं. माझं नाव गेलं, बायकोचं घेईना. म्हणे, हा सभासद आधीच आहे. ते फोन नंबरावरून माणूस ओळखायचं आणि आमच्या दोघांत फोन एकच. नाव नाही तर बसमध्ये जागा नाही.

"आजोबा, आजीला फोन घ्या ना."

"चौथी शिकलोय मी, पण नवरा-बायको दोन माणसं असतात एवढं कळतं. फोन घेणार नाही. तुझं ॲप बदल."

नातीनं हसत बदललं. आता ते प्रत्येकाला वेगळा क्रमांक देतं आणि बसमधली जागाही त्यावरूनच ठरवतं.

बसमध्ये बायको खिडकीशी बसली. मी शेजारी टेकायला गेलो.

"अहो, तुमचा क्रमांक वेगळा. तुमची जागा मागं."

मागं बसलो आणि धरणापर्यंत तिच्या गजऱ्याचा वास घेत खुशीत गेलो.