हौसेचा स्टेक

बाबांना पंचाहत्तर पूर्ण झाली म्हणून मी त्यांना स्टेक आणि मासळीसाठी नावाजलेल्या हॉटेलात जेवायला नेलं. भाजलेल्या मांसाचा जाडजूड स्टेक मीच मागवला. "झकास आहे," ते दोनदा म्हणाले. मग मला दिसलं, की प्रत्येक घास बराच वेळ तोंडात घोळवून ते हळूच कागदी रुमालात काढत होते. मांडीवर त्या रुमालाची छोटीशी पुरचुंडी झाली होती.

मी चिडलोच. "बाबा, कवळीनं चावत नाही तर सांगायचं ना!"

"तू एवढ्या हौसेनं आणलंस," ते ओशाळून म्हणाले.

खेकड्याच्या नांग्या दातांनी फोडून आतला गर आम्हा भावंडांना भरवणारा हा माणूस. त्याला स्वतःला काय आवडतं, हे पन्नाशीला आलो तरी मला ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी सांगितलं नाही याचा राग धरावा, की मी कधी विचारलं नाही याचा?

मी वेटरला थांबवलं आणि मेनू बाबांपुढे ठेवला. "आता तुम्ही सांगा. तुम्हाला काय खावंसं वाटतंय?"

त्यांनी सगळी पानं नीट वाचली. मग मेनू मिटून माझ्याकडे सरकवला.

"तू घेशील तेच."